साखरेचा हिशेब आणि रक्तदाबाची थकबाकी

मधुमेह असलेल्या कोणत्याही शहरी मध्यमवर्गीय माणसाला त्याची साखर विचारावी. उपाशीपोटीची किती, जेवणानंतरची किती, तीन महिन्यांची सरासरी किती, हे सारे आकडे तो न अडखळता सांगतो. त्याच माणसाला रक्तदाब विचारला तर ‘नॉर्मल आहे’ किंवा ‘गोळी चालू आहे’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. आकडा सांगितला जात नाही, कारण तो कुणी लक्षातच ठेवलेला नसतो. घरात ग्लुकोमीटर असतो, साखरेची वही असते, चहातली साखर केव्हाच बंद झालेली असते. रक्तदाब मात्र डॉक्टरांच्या टेबलावर दोन-तीन महिन्यांतून एकदा मोजण्यापुरता उरतो.

ही सवय वरवर निरुपद्रवी वाटते, पण तिची किंमत मोठी आहे. टाइप टू मधुमेहाच्या रुग्णाचे आयुष्य बहुतेक वेळा थेट वाढलेल्या साखरेमुळे संपत नाही. ते हृदयविकाराने, पक्षाघाताने किंवा मूत्रपिंड निकामी झाल्याने संपते. या तिन्ही वाटांवर रक्तदाबाचा हात साखरेइतकाच, काही ठिकाणी तिच्याहून अधिक बळकट आहे. गेल्या काही वर्षांत जगभर आणि देशातही या प्रश्नाची नव्याने मांडणी होत असताना आपल्याकडील रुग्ण, डॉक्टर आणि आरोग्ययंत्रणा नेमकी कुठे कमी पडत आहे, हे तपासण्याची वेळ आली आहे.

आकडे काय सांगतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या ‘इंडियाब’ या पाहणीचे एकत्रित निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ ते २०२० या काळात एक लाख १३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून काढलेल्या या निष्कर्षांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तर उच्च रक्तदाब असलेल्यांची संख्या ३१.५ कोटींच्या घरात आहे. मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, उच्च रक्तदाबाचे ३५.५ टक्के. मधुमेहाच्या बाबतीत शेजारचे गोवा २६.४ टक्क्यांसह देशात सर्वांत पुढे आहे. मुंबईपुरते बोलायचे तर महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ या वयोगटातील सुमारे ३४ टक्के मुंबईकरांना उच्च रक्तदाब, तर १८ टक्के लोकांच्या रक्तात उपाशीपोटी वाढलेली साखर आढळली होती.

पण यापेक्षा बोलका आकडा वेगळाच आहे. याच ‘इंडियाब’ पाहणीत आपल्याला मधुमेह असल्याचे ठाऊक असलेल्या ५ हजार ७८९ जणांचा स्वतंत्र अभ्यास झाला आणि तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी साखर आटोक्यात असलेले ३६.३ टक्के, रक्तदाब आटोक्यात असलेले ४८.८ टक्के आणि घातक कोलेस्टेरॉल आटोक्यात असलेले ४१.५ टक्के निघाले. तिन्ही गोष्टी एकाच वेळी आटोक्यात असणारे किती? केवळ ७.७ टक्के. म्हणजे निदान झालेल्या दर तेरा रुग्णांपैकी जेमतेम एक. यात रक्तदाबासाठी १४०/९० ही तुलनेने सैल मर्यादा धरली होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. ती पार करून खाली येणेसुद्धा निम्म्याहून अधिक रुग्णांना जमलेले नव्हते.

दोन आजार, एकच लक्ष्य

मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांची सोबत हा योगायोग नव्हे. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड अधिक इन्शुलिन तयार करते. हे वाढीव इन्शुलिन मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावते आणि त्यासोबत पाणीही शरीरात साचते. पोटाभोवतीची चरबी रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या संप्रेरकांना चालना देते. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेमुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होऊन त्या ताठर होतात. अशा ताठर नळ्यांतून रक्त ढकलायचे तर दाब वाढणारच.

यात सर्वाधिक नुकसान होते ते बारीक रक्तवाहिन्यांचे. मूत्रपिंडातील गाळण्या आणि डोळ्याचा पडदा हे अवयव अशा सूक्ष्म वाहिन्यांच्या जाळ्यांवरच चालतात. साखर या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत करते आणि वाढलेला दाब त्या कमकुवत भिंतींवर दिवसरात्र आदळत राहतो. मूत्रपिंड बिघडले की रक्तदाब आणखी वाढतो आणि वाढलेला रक्तदाब मूत्रपिंड आणखी बिघडवतो. हे दुष्टचक्र फिरत असताना रुग्णाला काहीही जाणवत नाही. पायावर सूज येईपर्यंत किंवा लघवीला फेस दिसेपर्यंत बरेच काही हातचे गेलेले असते. भारतातील दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे सर्वांत मोठे कारण मधुमेह आहे, ते यामुळेच.

जमा न होणारी पुंजी

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा ब्रिटनमधून आला. तेथील मधुमेहविषयक दीर्घ अभ्यासाच्या एका भागात उच्च रक्तदाबही असलेल्या १ हजार १४८ मधुमेही रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाचा रक्तदाब काटेकोरपणे, तर दुसऱ्याचा सैलसर सांभाळण्यात आला. आठ वर्षांहून अधिक काळाच्या पाठपुराव्यात पहिल्या गटाची सरासरी १४४/८२ राहिली, दुसऱ्याची १५४/८७. आजच्या कसोटीवर पहिला आकडाही समाधानकारक नाही. तरीही वरच्या रक्तदाबातील केवळ १० अंकांच्या या फरकाने मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी, पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि डोळे-मूत्रपिंडासारख्या सूक्ष्म वाहिन्यांच्या तक्रारी ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. हे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याची पुढची कथा अधिक उद्बोधक आहे. अभ्यास संपल्यावर या रुग्णांचा आणखी दहा वर्षे मागोवा घेण्यात आला आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांनी सुरुवातीच्या वर्षांत साखर नीट सांभाळली होती, त्यांना नंतर साखरेतील फरक मिटल्यावरही लाभ मिळत राहिला. जणू जुनी ठेव व्याज देत होती. रक्तदाबाचे तसे झाले नाही. अभ्यास संपल्यावर दोनेक वर्षांतच दोन्ही गटांच्या रक्तदाबातील फरक नाहीसा झाला आणि त्यापाठोपाठ मिळालेला लाभही ओसरला.

रुग्णाने मनावर कोरून ठेवावी अशी ही गोष्ट आहे. रक्तदाबाची पुंजी साठवून ठेवता येत नाही. तो आज आटोक्यात असेल तर आजचे संरक्षण मिळते; उद्या गोळी सुटली की उद्याचे संरक्षण गेले. ‘आता बीपी नॉर्मल आले, म्हणून गोळी बंद केली’ हे वाक्य दवाखान्यांत रोज ऐकू येते. बीपी नॉर्मल आले ते गोळीमुळे, हा साधा कार्यकारणभाव त्यात हरवतो. वजन बरेच उतरल्यावर किंवा आहार बदलल्यावर काहींच्या गोळ्या खरोखर कमी करता येतात. पण तो निर्णय नोंदी पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

१४०, १३० की १२०?

रक्तदाब किती खाली आणावा, यावर मात्र वैद्यकविश्वात दीर्घकाळ वाद होता. २०१० मध्ये अमेरिकेतील ‘अकॉर्ड’ अभ्यासात ४ हजार ७३३ मधुमेही रुग्णांपैकी काहींचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणला गेला, तर इतरांसाठी १४० ची मर्यादा ठेवली गेली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचा एकत्रित हिशेब केल्यावर निर्णायक फरक दिसला नाही. पक्षाघात मात्र ४१ टक्क्यांनी घटला होता. उपचारांचे गंभीर दुष्परिणामही काटेकोर गटात अधिक होते, ३.३ टक्के विरुद्ध १.३ टक्के. त्यामुळे मधुमेहींच्या बाबतीत फार खाली जाण्यात अर्थ नाही, असे मत रुजले. २०१५ मध्ये गाजलेल्या ‘स्प्रिंट’ अभ्यासाने १२० च्या बाजूने कौल दिला. पण त्यातून मधुमेही रुग्णांना मुळातच वगळले होते.

ही कोंडी नोव्हेंबर २०२४ मध्ये चीनमधील ‘बीप्रोड’ अभ्यासाने बऱ्याच अंशी फोडली. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या १२ हजार ८२१ टाइप टू मधुमेहींवर झालेल्या या अभ्यासात १२० चे लक्ष्य ठेवलेल्या गटात हृदयविकार आणि पक्षाघाताच्या प्रमुख घटना २१ टक्क्यांनी कमी झाल्या. टक्केवारी बाजूला ठेवून सांगायचे तर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे २१ घटना घडत होत्या, त्या साडेसोळावर आल्या. चक्कर आणणारा कमी रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले पोटॅशियम हे त्रास मात्र काटेकोर गटात अधिक आढळले.

याचा अर्थ प्रत्येक मधुमेहीने १२० चा हट्ट धरावा असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच मधुमेहींसाठी वरचा रक्तदाब १३० च्या खाली ठेवण्याची शिफारस केली आहे. अमेरिकी मधुमेह संघटनेचा सर्वसाधारण निकष १३०/८० च्या खालचा आहे, तर युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उपचार झेपणाऱ्या बहुतेकांसाठी १२० ते १२९ हा पट्टा सुचवला. ऐंशीच्या पुढचे, सतत तोल जाणारे किंवा अनेक व्याधींनी खंगलेले रुग्ण यांच्यासाठी मर्यादा सैल ठेवावीच लागते. पण दिशा आता स्पष्ट आहे. पन्नाशी-साठीतल्या मधुमेहीला १४२ हा आकडा ‘वयाच्या मानाने ठीक’ म्हणून सोडून देण्यास आजच्या ज्ञानात आधार उरलेला नाही.

मोजणी झाली, नियंत्रणाचे काय?

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. असंसर्गजन्य आजारांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे प्रथम निवडले गेले. या उपक्रमाची रचना साधी होती. सर्व डॉक्टरांसाठी औषधांचा एकच ठरलेला क्रम, गोळ्यांचा अखंड पुरवठा, परिचारिका आणि आरोग्यसेविकांकडे पाठपुराव्याची जबाबदारी आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांशी संलग्न पुरस्कारही मिळाला. नोंद झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आल्याचे त्या वेळी सांगण्यात आले.

यानंतर मे २०२३ मध्ये केंद्राने २०२५ पर्यंत साडेसात कोटी रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. मार्च २०२५ मध्ये सरकारने दिलेल्या आकडेवारीनुसार रक्तदाबाचे सुमारे ४.२ कोटी आणि मधुमेहाचे सुमारे २.५ कोटी रुग्ण उपचारांखाली आले होते. कामगिरी लहान नाही. पण या हिशेबात दोन फटी आहेत. एक, दोन्ही आजार वेगवेगळ्या रकान्यांत मोजले जातात. ज्याला दोन्ही आहेत, त्याची साखर आणि रक्तदाब एकाच भेटीत आटोक्यात होते का, हा प्रश्न ठळकपणे विचारला जात नाही. दोन, कार्यक्रमात नियंत्रणाची मोजपट्टी १४०/९० आहे. सर्वसाधारण रुग्णासाठी ती व्यवहार्य असेल. मधुमेहीसाठी ती अपुरी आहे.

शिवाय शहरी मध्यमवर्ग या यंत्रणेच्या बाहेरच असतो. तो खासगी दवाखान्यात जातो, तिथे त्याची नोंद कुठल्याही कार्यक्रमात होत नाही. गोळी संपल्यावर तो परत आला नाही तर त्याला फोन करणारे कुणी नसते. भारत आणि पाकिस्तानातील दहा मधुमेह केंद्रांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने यावरचा उपाय दाखवला आहे. रुग्णांचा पाठपुरावा करणारा एक समन्वयक आणि डॉक्टरांना औषध वाढवण्याची आठवण करून देणारी संगणकीय नोंद, एवढ्या बदलाने साखर आणि त्याबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल आटोक्यात येणाऱ्यांचे प्रमाण ८.१ वरून १८.२ टक्क्यांवर गेले. डॉक्टर तेच, औषधे तीच. फरक पडला तो कुणीतरी नीट लक्ष ठेवल्याने.

गोळ्यांचे गणित

या रुग्णांत एका गोळीने भागणे दुर्मीळ असते. ब्रिटनच्या त्या अभ्यासात काटेकोर गटातील २९ टक्के रुग्णांना नऊ वर्षांनंतर तीन किंवा अधिक औषधे लागत होती. दुसरी गोळी लिहून दिली की ‘आपला आजार बळावला’ असे रुग्णाला वाटते आणि रुग्ण नाराज होईल म्हणून डॉक्टरही ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणतात. या दोन्हींच्या मिलाफातून वर्षे निघून जातात. वास्तविक एकाच औषधाची मात्रा ताणण्यापेक्षा दोन औषधे कमी मात्रेत घेणे अनेकदा अधिक परिणामकारक आणि कमी त्रासाचे ठरते.

लघवीतून प्रथिने जात असतील तर टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल यांच्या वर्गातील औषध आधी निवडले जाते, कारण ते रक्तदाबासोबत मूत्रपिंडालाही जपते. मात्र या दोन वर्गांतील औषधे एकत्र घ्यायची नसतात आणि गर्भारपणात ती चालत नाहीत. सुरू केल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते, रॅमिप्रिलने कोरडा खोकला. अशा वेळी गोळी परस्पर थांबवण्याऐवजी बदलून मागावी. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडालाही इजा करतात, हे फार कमी रुग्णांना सांगितले जाते.

खर्चाची सबबही आता पूर्वीइतकी भक्कम नाही. रक्तदाबाची मूळ औषधे जनऔषधी केंद्रांत अत्यल्प दरात मिळतात. साखरेबरोबर रक्तदाब थोडा उतरवणारी आणि हृदय-मूत्रपिंडाला संरक्षण देणारी नव्या वर्गातील औषधेही आवाक्यात आली आहेत. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या पेटंटची मुदत संपली आणि साठ रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी अनेक कंपन्यांनी दहा रुपयांच्या आसपास आणली. डॅपाग्लिफ्लोझिन त्याआधीच स्वस्त झाले होते. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटीही १२ वरून पाच टक्क्यांवर आला.

गोड बंद, खारे सुरू

मधुमेहाचे निदान झाले की घरातून पेढे-बर्फी हद्दपार होते आणि त्यांची जागा चिवडा, फरसाण, खारी बिस्किटे, भाजलेले पापड घेतात. साखरेच्या दृष्टीने हा बदल सुरक्षित वाटतो. रक्तदाबाच्या दृष्टीने तो आगीतून फुफाट्यात आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतीय माणूस दिवसाला सरासरी आठ ग्रॅम मीठ खातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर आहे. लोणचे, पापड, चटणी, ताकातले मीठ, ब्रेड, वेफर्स असा तो हिशेब दिवसभर चढत जातो. सैंधव मीठ ‘चालते’ हा समज चुकीचा आहे. तेही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच असते. बाजारातील कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. निरोगी माणसाला ते उपयोगी असले तरी मूत्रपिंड बिघडलेल्या किंवा टेल्मिसार्टनसारखे औषध घेणाऱ्या मधुमेहीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

मोजण्याची पद्धतही सुधारायला हवी. जिना चढून आल्याबरोबर, बोलता बोलता, हात मांडीवर ठेवून घेतलेला रक्तदाब फसवा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हात मांडीवर ठेवल्यास वरचा आकडा सुमारे चार अंकांनी आणि शेजारी लोंबता ठेवल्यास साडेसहा अंकांनी जास्त दिसला. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर टेबलाला टेकलेला असावा. आधीचा अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. घरची सरासरी १३५/८५ च्या वर जात असेल तर ती उच्च रक्तदाबाचीच खूण समजली जाते. मधुमेहाने नसा बाधित झालेल्यांचा रक्तदाब उभे राहताच कोसळू शकतो; म्हणून त्यांचा रक्तदाब उभ्यानेही मोजला पाहिजे. आपल्याकडे हे क्वचितच होते.

काय बदलायला हवे?

आज महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते, डायलिसिस होते. केंद्रानेही २०१६ मध्ये डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. या सुविधा आवश्यकच आहेत. पण मूत्रपिंड बिघडू लागल्याची पहिली खूण दाखवणारी लघवीतील अल्ब्युमिनची साधी तपासणी वर्षातून एकदा प्रत्येक मधुमेहीची व्हावी, यासाठी तेवढा आग्रह दिसत नाही. शेवटच्या टप्प्यावर लाखो रुपये खर्च करणारी व्यवस्था पहिल्या टप्प्यावरच्या काहीशे रुपयांबाबत उदासीन राहते.

उपाय अवघड नाहीत. मधुमेहाच्या कार्डावर साखरेच्या शेजारी रक्तदाब आणि अल्ब्युमिनचा रकाना असावा. सरकारी कार्यक्रमाने मधुमेहींसाठी १३०/८० ची वेगळी मोजपट्टी ठेवावी आणि किती जणांना औषध दिले याऐवजी किती जणांची साखर व रक्तदाब दोन्ही आटोक्यात आले, ते जाहीर करावे. खासगी डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत आकडा तोंडी न सांगता लिहून द्यावा. आणि रुग्णाने ग्लुकोमीटरशेजारी दंडावर बांधायचे एक यंत्र ठेवावे.

साखरेच्या बाबतीत आपल्याकडे जी जागरूकता आली, ती आपोआप आलेली नाही. दोन-तीन दशके डॉक्टर, प्रयोगशाळा, औषध कंपन्या आणि वृत्तपत्रे यांनी तो आकडा लोकांच्या तोंडी बसवला. रक्तदाबाचा आकडा तसाच तोंडी बसेपर्यंत मधुमेहाचे उपचार अर्धेच राहतील आणि राहिलेल्या अर्ध्या भागाची वसुली हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडाकडून होत राहील.